हात राखून केलेला स्वयंपाक: नवी मुंबईतील घरगुती जेवणाचा आढावा

कमी पैशांत पोट भरणारे आणि जिवाला बरे वाटणारे मराठी जेवण बहुधा तीन गोष्टींवर उभे असते: एक धान्य, एक डाळ किंवा कडधान्य आणि तोंडाला चव आणणारे काहीतरी आंबट-तिखट. वरण-भात आणि लिंबाची फोड, पिठले-भाकरी आणि ठेचा, मुगाची खिचडी आणि कढी, मऊ भात आणि मेतकूट ही सारी याच बांधणीची. तेल-तूप चवीपुरते. भाजी असली तर उत्तम, नसली तरी पान अडत नाही. आजारातून उठलेल्याला, गावाहून रात्री उशिरा पोचलेल्याला, परीक्षेसाठी जागणाऱ्या मुलाला घरात हेच वाढले जाते. हे पदार्थ टंचाईत जन्मले, परवडत होते म्हणून वारंवार होत राहिले आणि वारंवार झाल्याने घराची चव म्हणून ओळखले जाऊ लागले. त्यांचा दिलासा आणि त्यांचा स्वस्तपणा एकाच मुळातून येतो.

ही बांधणी पोषणाच्या हिशेबातही बसते. तांदूळ, गहू, ज्वारी यांच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळीत भरपूर असते. डाळीत मेथिओनिन कमी असते, ते धान्यातून मिळते. म्हणून दोन्ही एका पानात आली की एकमेकांची उणीव भरून निघते. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था धान्य आणि डाळ यांचे प्रमाण साधारण ३ः१ असावे असे सांगते. तुरीच्या डाळीत १०० ग्रॅममागे सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात, शेंगदाण्यात सुमारे २५. माणशी ४० ग्रॅम डाळ धरली तर एक किलो डाळ २५ पानांना पुरते. मात्र ओढाताणीच्या घरात सर्वांत आधी कात्री लागते ती याच ४० ग्रॅमना. वरण पातळ होत जाते, भात वाढत जातो. पोट भरते, पण पानातले प्रमाण बिघडते, आणि ते चवीवरून चटकन लक्षात येत नाही.

नवी मुंबईत हा विषय इतर शहरांहून थोडा वेगळा दिसतो, कारण येथे जवळजवळ प्रत्येक घराचा स्वयंपाक दुसरीकडून आलेला आहे. हे शहर वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर शहर आखले गेले. वाशीची खाडी ओलांडणारा पहिला पूल १९७३ मध्ये झाला, लोकल गाडी १९९२ मध्ये वाशीला पोचली आणि त्याच वर्षी १ जानेवारीला महानगरपालिका अस्तित्वात आली. साताऱ्याचे माथाडी, कोकणातले चाकरमानी, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांचे कामगार, केरळ-तमिळनाडूतून आलेले नोकरदार, उत्तर प्रदेश-बिहारमधले बांधकाम मजूर आणि पुढे ऐरोली-महापे भागातल्या संगणक कंपन्यांतील तरुण, अशी माणसांची भर पडत गेली. प्रत्येकाने आपली गरिबीची चव सोबत आणली. नेरूळच्या एखाद्या केरळी घरातली कंजी आणि शेजारच्या मालवणी घरातली पेज यांत फरक शोधू गेले तर तो तोंडी लावण्यातच सापडतो.

पण सर्वांच्या आधी येथे चूल होती ती आगरी-कोळ्यांची. खारभूमीतला भात, मिठागरे आणि खाडी यांवर चालणाऱ्या या घरांत काटकसरीचा स्वयंपाक म्हणजे तांदळाची भाकरी आणि सुके मासे. सुकट म्हणजे वाळवलेला जवळा. तव्यावर कोरडा भाजून कांदा, लसूण, मिरची आणि कोकम घातले की मूठभर सुकटीवर चार माणसांच्या भाकऱ्या उठतात. सुके बोंबील बटाट्याबरोबर किंवा वांग्याबरोबर रश्श्यात शिजतात. वाकट्या भाजून चुरतात. सोडे मात्र महाग, ते पाहुण्यांसाठी राखलेले. सुक्या बोंबलात १०० ग्रॅममागे साठेक ग्रॅम प्रथिने असतात, त्यामुळे थोडक्यात पुष्कळ देणारा हा जिन्नस आहे. जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, ओला मासा महागतो, तेव्हा उन्हाळ्यात भरून ठेवलेला सुक्याचा डबा उघडतो. खाडीच्या चिखलातल्या निवट्या, चिंबोऱ्या, करंदी हे तर पूर्वी विकत घेण्याचे पदार्थच नव्हते. भरती-ओहोटी पाहून जायचे आणि घेऊन यायचे.

भूसंपादनाने या स्वयंपाकाचा हिशेब उलटला. जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या जानेवारी १९८४ च्या जासई आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांचा बळी गेला आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमिनीची योजना आली. त्या लढ्याचा इतिहास सहसा भूखंडाच्या भाषेत सांगितला जातो. चुलीच्या बाजूने पाहिले तर घरच्या कणगीतला तांदूळ गेला आणि दुकानातला आला, एवढी एकच गोष्ट महिन्याच्या खर्चाचा पाया बदलून गेली. खाडीत भराव पडले, पाणी दूषित झाले, तशी फुकटची मासळीही आटली. दिवाळे गावच्या बाजारात आज मासळीची रेलचेल असते, पण ती मोजून घ्यावी लागते. आगरी मसाला तेवढा टिकला. उन्हाळ्यात मिरच्या-धणे वाळवून, भाजून, डंकावर कांडून वर्षाचा मसाला भरण्याची रीत गावठाणांतून अजून चालते. तिच्यामागे चवीइतकाच पैशाचा विचार आहे. डबा भरलेला असला की साध्या वालाला किंवा नुसत्या बटाट्यालाही रस्सा होता येते.

सातारा-सांगलीकडच्या माथाडींच्या घरात याच जागी कांदा-लसूण मसाला येतो. १९६९ च्या माथाडी कायद्यामुळे हमालीच्या कामाला नियम, मजुरीला हमी आणि निवृत्तीला निधी मिळाला. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेचे ते फळ. घाऊक बाजार मुंबईतून तुर्भ्याला हलला तसे हे कामगारही कोपरखैरणे-घणसोलीच्या वसाहतींत आले. पाठीवरून गोणी वाहणाऱ्याला दुपारी हलके जेवण चालत नाही. ज्वारी-बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, मटकीची उसळ, खर्डा आणि कांदा हे त्यांचे जेवण. शेंगदाण्याची आमटी हा काटकसरीचा नमुना म्हणून मुद्दाम पाहण्यासारखी आहे. वाटीभर भाजलेले दाणे, दोन मिरच्या, जिरे आणि आमसूल एकत्र वाटून पाण्यात उकळले की चौघांना पुरते. डाळ शिजण्याची वाट पाहावी लागत नाही, भाजी निवडावी लागत नाही. उपासाच्या दिवशी भगरीबरोबर तीच चालते.

हे सगळे शिजते ते राज्यातल्या सर्वांत मोठ्या घाऊक बाजाराच्या सावलीत. मुंबई कृषी उत्पन्न बाजार समितीच्या वाशी-तुर्भे येथील आवारात पाच बाजार आहेत: कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य. १९८० च्या दशकात कांदा-बटाटा बाजार येथे आला, १९९६ मध्ये भाजी आणि फळे आली. नाशिक, जुन्नर, सातारा भागांतून रात्रभर गाड्या येतात आणि पहाटे भाव फुटतो. तेथून दोन किलोमीटरवर राहणाऱ्या घराला भाजी त्या भावात मिळते का? सहसा नाही. पालेभाजी तेथे शेकड्याने विकली जाते, कांदा गोणीने. गोणी म्हणजे ५० किलोच्या आसपास. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाकडे ना तेवढे रोख पैसे एकदम असतात, ना कांदा पसरायला जागा. म्हणून ते कोपऱ्यावरच्या गाडीवरून अर्धा किलो घेते आणि मधल्या दोन-तीन हातांचा नफा भरते. गरीब घर दर किलोमागे श्रीमंत घरापेक्षा जास्त मोजते, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे शोधावे लागणार नाही. तेलाची छोटी पिशवी, मसाल्याची दहा रुपयांची पुडी, पाव किलो डाळ, सगळीकडे हाच नियम.

यावरचे उपाय लोकांनीच काढले आहेत. चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या चार-पाच घरांनी मिळून गोणी आणायची आणि वाटून घ्यायची, हा त्यांतला सर्वांत जुना. वर्षाची मिरची, हळद, धणे यांसाठी मार्च-एप्रिलमध्ये मसाला बाजारात गावठाणातल्या बायका मिळून जातात. संध्याकाळी उशिरा भाजीवाल्याकडे उरलेला माल वाट्याने मिळतो. टोमॅटो मऊ असतात, कोथिंबीर मान टाकलेली असते, पण त्याच रात्री शिजवायचे असेल तर काही बिघडत नाही. धान्याच्या दुकानात कणी विचारून घेतात. अख्ख्या दाण्याचा डौल तिला नसतो, पण मऊ भात, पेज आणि घावन यांना ती उलट बरी.

बाजारभावातले चढउतार मराठी स्वयंपाकघर कसे झेलते, तेही पाहण्याजोगे आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोमागे २०० रुपयांपर्यंत गेली. २०१९ च्या अखेरीस कांद्याने शंभरी ओलांडली. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो दीडशेच्या वर होता. प्रत्येक वेळी वर्तमानपत्रांत हाहाकार झाला आणि तो खोटा नव्हता. तरी ज्या घरात आंबटपणासाठी चिंच, आमसूल, कैरी किंवा ताक वापरण्याची सवय होती, त्या घराचे टोमॅटोवाचून फारसे अडले नाही. टोमॅटो आपल्याकडे तसा अलीकडचाच पाहुणा. तूर महागली तेव्हा मसूर आणि मूग पुढे आले, पिठल्याचे वार वाढले. पंचाईत झाली ती सगळ्या भाज्यांना एकच कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही लावणाऱ्या घरांची. हॉटेलातून घरात आलेली ही पद्धत चवीला वाईट नाही, पण बाजाराच्या लहरीवर ती सर्वांत जास्त अवलंबून असते.

कडधान्यांना मोड आणणे हा काटकसरीचा आणखी एक आधार. वाटीभर मटकी भिजवून, फडक्यात बांधून ठेवली की दुसऱ्या दिवशी ती दुपटीहून जास्त दिसते आणि लवकर शिजते. वालाचे बिरडे सोलायला वेळ खाते, म्हणून ते सुट्टीच्या दिवसाचे. सोयाबीनच्या वड्या प्रथिनांच्या बाबतीत या कडधान्यांच्या पुढे आहेत, पण मराठी घराने त्यांना अजून मनापासून आपले म्हटलेले नाही. अंडे एका नगात ६ ग्रॅमच्या आसपास प्रथिने देते आणि शिजवायला पाच मिनिटे घेते. रविवारी मटण परवडत नाही तेथे कोंबडी येते, आणि कोंबडीही जड वाटते तेथे वजडी.

इंधन हा खर्च किराण्याच्या यादीत दिसत नाही, तरी तो मोठा असतो. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. तो एका कुटुंबाला किती दिवस पुरतो, हे माणसांवर जितके अवलंबून असते तितकेच कुकरवर. कुकरमध्ये एकावर एक तीन भांडी लावून खाली डाळ, मध्ये भात आणि वर बटाटे शिजवण्याची पद्धत म्हणजे एकाच आचेवर तीन पदार्थ. डाळ अर्धा तास आधी भिजवणे, शिट्टी झाल्यावर आच बारीक करणे, गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू देणे, या सवयींनी सिलिंडर काही दिवस जास्त चालतो. पाईपने गॅस येणाऱ्या इमारतींत बिल मागाहून येते, त्यामुळे तेथे हात थोडा सैल सुटतो. ज्यांच्याकडे भाडेकरार नाही, रहिवासाचा पुरावा नाही, अशा मजुरांना ५ किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो; त्याचा गॅस किलोमागे घरगुती सिलिंडरपेक्षा महाग पडतो.

शिळ्याचे काय करायचे, या शास्त्रात मराठी बायकांनी कोणाकडून शिकण्यासारखे काही उरलेले नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीचा होतो. पोळी कुस्करून, कांदा-मोहरीची फोडणी देऊन तिचा कुस्करा होतो. भाकरी ताकात किंवा दुधात कालवली जाते. उरलेले वरण थालिपिठाच्या पिठात मुरते. दोडक्याच्या शिरांची चटणी तर भाजीपेक्षा जास्त आवडीने खाल्ली जाते. दुधीची साल, फ्लॉवरचे कोवळे दांडे, मुळ्याचा पाला यांचीही सोय आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये, म्हणजे सिडकोच्याच वर्षी, प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने पाककृती सांगण्याची पद्धत त्याने घरोघरी पोचवली. आईपासून दूर, नव्या शहरात दोन खोल्यांचा संसार मांडणाऱ्या मुलींना अशा मापाची गरज होती. अंदाजाने केलेला स्वयंपाक उरतो, मापाने केलेला संपतो.

सरकारी मदतीचा भाग थोडक्यात असा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबातील प्रत्येकाला महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. महाराष्ट्राच्या शहरी भागात प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठरली, म्हणजे महिना पाच हजारांहूनही कमी. या आकड्यात नवी मुंबईत खोलीचे भाडेही सुटत नाही, त्यामुळे खरोखर ओढाताण असलेली बरीच घरे कागदावर या मर्यादेच्या वर राहतात. शिवाय मिळते ते तांदूळ-गहू. डाळ आणि तेल बाजारातूनच आणावे लागते, आणि पानाचा खर्च वाढतो तो तेथेच. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला. तो सणापुरता होता.

एवढे सगळे जमवूनही एक गोष्ट पुरवावी लागते ती वेळ. निवडणे, भिजवणे, वाटणे, कणीक तिंबणे यांचा पगार कोणी देत नाही म्हणून घरचे जेवण स्वस्त दिसते. पहाटे पाचला उठून डबा करणारी आणि ७ः४० ची लोकल पकडणारी बाई हा हिशेब मनात करते. पोळी-भाजी केंद्रांचे पीक नवी मुंबईच्या प्रत्येक सेक्टरात आले ते याच हिशेबातून. अशी घरे डाळ-भात कुकरला लावतात आणि पोळ्या मोजून विकत आणतात. लाटण्याचे कष्ट एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे जातात. फरक इतकाच की दुसरीला त्याचे पैसे मिळतात. या व्यवहाराला मुंबईत मोठी परंपरा आहे. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवून बँकेशी जोडण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. मंडळाने पुढे वाशीतही केंद्र उभारले. पुरव यांना २००२ मध्ये पद्मश्री मिळाली.

ज्यांच्याकडे स्वयंपाकघरच नाही त्यांचा प्रश्न वेगळा. कॉट भाड्याने घेऊन राहणारे विद्यार्थी आणि नव्याने नोकरीला लागलेले तरुण यांना मालक गॅस वापरू देत नाही. विजेच्या शेगडीवर मॅगी आणि बाहेरचा वडापाव, यांवर महिना जातो. २०२२-२३ च्या कुटुंब-खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चापैकी सुमारे ३९ टक्के खर्च अन्नावर होता आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, एकूण खर्चाच्या १०.६४ टक्के, पेये आणि तयार खाद्यपदार्थांचा होता. धान्य, भाजी, दूध सारे त्याच्या मागे. तरुणांच्या वाट्याला निदान बाहेरच्या खाण्याचा पर्याय तरी असतो. खारघरला कर्करोगावरील उपचारांसाठी मुलांना घेऊन आलेल्या कुटुंबांना तोही परवडत नाही आणि पथ्यामुळे चालतही नाही. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्सच्या निवासांत अशा कुटुंबांना सामाईक स्वयंपाकघर आणि शिधा मिळतो, म्हणजे आई आपल्या मुलासाठी आपल्या गावच्या चवीचे शिजवू शकते. शिजवलेले ताट हातात देण्यापेक्षा ही व्यवस्था अधिक समंजस आहे.

बाहेर जेवावेच लागणाऱ्यांसाठी सरकारने दोनदा घरच्या चवीचे स्वस्त जेवण देऊन पाहिले. १९९५ मध्ये सत्तेवर आलेल्या युती सरकारची एक रुपयातली झुणका-भाकर केंद्रे काही वर्षांत मोडीत निघाली, पुष्कळ ठिकाणी त्या जागांवर दुसरेच धंदे उभे राहिले. २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी सुरू झाली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण आणि एक मूद भात. टाळेबंदीत ती ५ रुपयांत आणि पुढे काही काळ मोफत दिली गेली. हे ताट म्हणजे कोणत्याही मराठी घरातले मंगळवारचे जेवण. त्यात राबणाऱ्या हातांची मजुरी, गॅस आणि जागा धरून शहरी भागात त्याची किंमत ५० रुपये ठरवण्यात आली. सुरुवातीला त्यांतले १० रुपये जेवणाऱ्याने द्यायचे होते आणि उरलेले ४० रुपये सरकारने.